सामाईक गटार व शौचाची टाकी यांसंबंधी घरधन्यास माहिती

आमच्या ह्या मासिकात बियाणे, खते, बांधबंदिस्ती व पिकांवरील रोग ह्या विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख नेहमी येतात. शेतातील पाण्याचा निचरा कसा करावा ह्यावरही पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु जो शेतकरी उसाच्या फडातले साचलेले पाणी चर काढून मोठ्या हुशारीने बाहेर घालवितो, त्याच्याच घरामागे मोरीचे पाणी महिनोन् महिने तुंबलेले असते, आणि त्याबद्दल शेजाऱ्याशी भांडण्यापलीकडे तो काही करीत नाही, असे आम्ही अनेक गावी पाहिले. महसूल खात्यात कारकुनीत आमची तेहतीस वर्षे गेली. त्या काळात बांधाच्या तंट्यांच्या खालोखाल गटारांचे तंटे आमच्या टेबलावर आले. बांधाच्या तंट्याचा निकाल आज ना उद्या लागे. गटाराच्या तंट्याचा बहुधा लागतच नसे. कारण अर्ज चुकीच्या कचेरीत, चुकीच्या कायद्याखाली आणि पुष्कळदा चुकीच्या माणसाविरुद्ध केलेला असावयाचा. इंजिनियरीचे शिक्षण आम्हांस नाही व वकिलीची सनदही नाही. जे कागद हाताखालून गेले आणि जे आमच्या स्वतःच्या घराण्यास भोगावे लागले, तेवढ्याच आधारावर हा लेख लिहीत आहो.

घराण्यातील हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल. आमचे गाव कृष्णाकाठी, काळ्या जमिनीत आहे. तेथे आमच्या चुलत्यांचा जुना वाडा असून त्याची वाटणी १९९८ साली दोघा भावांत झाली. चढाकडील भाग थोरल्याकडे गेला व उताराकडील धाकट्याकडे. थोरल्याच्या न्हाणीचे पाणी पूर्वापार एका दगडी मोरीतून धाकट्याच्या पडवीखालून वाहत जाऊन गल्लीतील ग्रामपंचायतीच्या गटारास मिळत असे. वाटणीचा कागद घरातला शहाणा कारकून म्हणून आम्हीच लिहिला. चतुःसीमा लिहिल्या, जिना कोणाचा ते लिहिले, परसातील आंब्याची फळे निम्मी निम्मी हेही लिहिले; मोरी मात्र लिहिली नाही. ती जमिनीखाली होती, डोळ्यांस दिसत नव्हती, आणि दोघे भाऊ त्या दिवशी एका ताटात जेवत होते.

२०१७ साली थोरल्याने घरात शौचालय बांधले व परसात सेप्टिक टाकी केली. गवंड्याने टाकीचे बाहेर पडणारे पाणी त्या जुन्या दगडी मोरीतच काटकोनात जोडून दिले. दोन पावसाळे गेले आणि धाकट्याच्या पडवीत ओल फुटली. पेरणीसाठी राखून ठेवलेले सोयाबीनचे चार पोती बियाणे बुरसून गेले. रागाच्या भरात धाकट्याने आपल्या हद्दीवर मोरी उकरून तिच्या तोंडात सिमेंट काँक्रीट भरले. आठव्या दिवशी थोरल्याच्या स्वयंपाकघरात मैल्याचे पाणी उलटले. त्यानंतर चार वर्षे दोन्ही घरे एकमेकांच्या सुतकासही आली नाहीत. ह्यात कोण चुकला असे आम्हांस कोणी विचारले तर दोघेही चुकले, आणि त्यांच्याआधी कागद लिहिणारा चुकला, असेच उत्तर द्यावे लागेल.

आता गटार का तुंबते ते पाहू. जुन्या मोऱ्या हात-पायधुण्याच्या व न्हाणीच्या पाण्यासाठी बांधलेल्या आहेत. त्यांत भांडी घासण्याची राख, शिळ्या भाताचे कण, तेलकट ओशट, गोठा धुतल्याचे शेणपाणी आणि हल्ली शाम्पूच्या पुड्या व प्लास्टिकच्या पिशव्या जातात. राख व शेण तळाशी बसतात, ओशट थंडीत थिजून कडेस धरते, आणि त्यावर पिशवी अडकली की धरण पूर्ण होते. काळ्या जमिनीत आणखी एक दोष आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे वीतभर खोल घातलेले नळ सांध्यांत निखळतात, उतार बिघडतो आणि सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरतात. घराशेजारी पिंपळ किंवा उंबर असेल तर मुळे आहेतच असे धरून चालावे.

उताराविषयी गवंडी फार निष्काळजी असतात. चार इंची नळास साधारण साठ फुटांत एक फूट व सहा इंचीस शंभर फुटांत एक फूट उतार हवा. त्याहून सपाट घातल्यास घाण बसते. फार उभा घातल्यास पाणी पुढे पळते व घन पदार्थ मागे राहतात, म्हणून अधिक उतार म्हणजे अधिक चांगले हाही समज खरा नव्हे. जेथे नळ वळतो किंवा दुसरा नळ येऊन मिळतो, तेथे झाकणाचे चेंबर असलेच पाहिजे, आणि मिळणारा नळ वाहत्या दिशेस तिरपा आला पाहिजे. काटकोनात जोडलेला नळ आज ना उद्या तुंबणारच.

तुंबलेली जागा शोधण्यास फरशी उखडावी लागत नाही. उताराकडून आरंभ करून एकेक झाकण उघडत चढाकडे यावे. जे चेंबर कोरडे असेल त्याच्या वर आणि जे तुडुंब भरलेले असेल त्याच्या खाली, ह्या दोहोंमध्ये अडथळा आहे हे निश्चित समजावे. मग खालच्या, कोरड्या बाजूने बांबूची चिवाटी किंवा लवचीक सळई सारावी. वरून ढकलल्यास बोळा अधिक घट्ट बसतो. चेंबर नसेल तर एका घरातील मोरीत हळदीचे पाणी ओतून ते कोठे व किती वेळाने निघते ते पाहण्याची जुनी युक्ती आहे, ती चांगली आहे. अॅसिडची बाटली ओतण्याचा उपाय मात्र करू नये. त्याने राख वितळत नाही, सिमेंटचे सांधे खाल्ले जातात, आणि पाणी पुढे सेप्टिक टाकीत जात असेल तर तीही बिघडते.

टाकीचे काम कसे चालते हे बहुतेक घरधन्यांस ठाऊक नसते, सबब थोडे विस्ताराने लिहितो. सेप्टिक टाकी म्हणजे मैला साठविण्याचे कोठार नव्हे. तीत मैला एक-दोन दिवस स्थिर राहतो. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, हलका भाग वर सायीसारखा तरंगतो, आणि हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्या गाळाचा बराचसा भाग कुजवून कमी करतात. मधल्या थरातील पाणी तेवढे बाहेर पडते. ते दिसावयास निवळ असले तरी निर्मळ मुळीच नसते; त्यात पटकी, विषमज्वर, कावीळ ह्यांचे जंतू व जंतांची अंडी असू शकतात. हे पाणी जमिनीत मुरविणे हे टाकीचे निम्मे काम आहे, आणि आमच्या खेड्यांतून हेच निम्मे काम केले जात नाही. टाकी बांधतात आणि तिचे तोंड गल्लीच्या उघड्या गटारात सोडून देतात. मग ज्याला आपण गटार म्हणतो ते उघड्यावरचे शौचकूप होऊन बसते, आणि त्यात मुले चेंडू काढावयास उतरतात.

मापे भारतीय मानक २४७० मध्ये दिलेली आहेत. त्याची आवृत्ती १९८५ ची आहे. पाच माणसांच्या घरास आतून पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली सव्वातीन ते साडेतीन फूट एवढी टाकी पुरते. दहा माणसांचे कुटुंब असल्यास साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद व दोन वर्षांनी गाळ काढावयाचा असल्यास साडेचार फूट पाणी राहील एवढी खोल करावी. पाण्याच्या पातळीवर स्लॅबपर्यंत एक फूट जागा मोकळी ठेवावी. हजार लिटरहून लहान टाकी करूच नये. आत येणारा व बाहेर जाणारा असे दोन्ही नळ इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे असावेत, म्हणजे वरची साय ढवळत नाही व बाहेर निघत नाही. आणि बाहेरचे तोंड आतल्यापेक्षा दोन इंच खाली असावे. हवेच्या नळास वर बारीक जाळी बांधावी. ह्या दोन रुपयांच्या जाळीअभावी टाकीत क्यूलेक्स जातीचे डास हजारोंनी वाढतात. हत्तीरोग पसरविणारा डास तो हाच. पागोळ्यांचे पाणी टाकीत कदापि सोडू नये. न्हाणीचे व भांड्यांचे पाणीही लहान टाकीत न घेता वेगळे काढावे, नाही तर गाळ बसण्यास अवधीच मिळत नाही.

बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी शोषखड्डा किंवा विटांच्या तुकड्यांनी भरलेला चर करावा. तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट, आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावा असे त्याच मानकात सांगितले आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही ही तक्रार खरी आहे; परंतु आमच्याकडे काळीच्या खाली बहुधा मुरूम लागतो. तेथवर खणल्यास खड्डा चालतो. नदीकाठी, जेथे पावसाळ्यात भूजल हातभर खाली येऊन ठेपते, तेथे मात्र शोषखड्डा चालत नाही व तो करूही नये, कारण मग आपण विहिरीतच शौचाचे पाणी सोडतो असा अर्थ होतो.

ज्यांना टाकी नव्याने बांधावयाची आहे त्यांस आम्ही दोन खड्ड्यांचे शौचालय सुचवू. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा, आणि बंद खड्ड्यातील ऐवज दीड ते दोन वर्षांनी सोनखत म्हणून शेतात न्यावयाचा. ही कल्पना आपल्या प्रांतास नवी नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचे खत व सोपा संडास ह्यांचा प्रसार करण्यात आयुष्य वेचले. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानातही ग्रामीण भागास दोन खड्ड्यांचीच शिफारस होती. लोकांनी सिमेंटच्या रिंगा टाकून एकच खोल खड्डा केला व त्यास टाकी म्हटले, हा दोष योजनेचा नव्हे. सोनखताविषयी एक सूचना: टाकीतून नुकताच उपसलेला ओला गाळ आणि दोन वर्षे मुरलेला ऐवज ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. टँकरवाला फुकट टाकतो म्हणून ओला गाळ मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात घेणारे शेतकरी आम्हांस ठाऊक आहेत. त्यातील जंतांची अंडी जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतात, आणि ती भाजी प्रथम आपल्याच घरात शिजते किंवा कच्ची खाल्ली जाते.

आता कायद्याकडे वळू. सामाईक गटाराचा खरा कायदा म्हणजे १८८२ सालचा सुविधाधिकाराचा कायदा, ज्यास कोर्टात ईझमेंटचा कायदा म्हणतात. तो मुंबई इलाख्यास १८९१ साली लागू झाला. आमच्या कचेरीत येणाऱ्या शंभरांतील नव्वद अर्जदारांस त्याचे नावही ठाऊक नसे, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही ते नोकरीच्या विसाव्या वर्षी कळले.

त्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जागेतून आपले पाणी नेण्याचा हक्क तीन वाटांनी मिळतो: लिहून दिल्याने, वीस वर्षांच्या उघड, शांत व अखंड वहिवाटीने, किंवा वाटणीच्या वेळी आपोआप. वाटणीपूर्वी जी मोरी चालू होती, जी सतत वापरात होती व जिच्यावाचून घर पूर्वीप्रमाणे वापरता येत नाही, तिचा हक्क कलम १३ प्रमाणे कागदात लिहिला नसला तरी राहतो. कागदात उलट काही ठरविलेले असेल तर गोष्ट निराळी. मोरी जमिनीखाली असल्याने दिसत नव्हती ही सबब चालत नाही. जाणत्या माणसाने नीट पाहिले असता जी सापडेल ती मोरी उघडच समजावी, असे कलम ५ च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. म्हणजे आमच्या वाड्यात थोरल्याचा हक्क शाबूत होता आणि धाकट्याने काँक्रीट भरले ते बेकायदा होते.

परंतु येथे थांबणारा अर्धवट वाचतो. कलम २५ प्रमाणे मोरी दुरुस्त राखण्याचा खर्च ज्याचे पाणी जाते त्याने करावयाचा; ज्याच्या जागेतून जाते त्याच्यावर, कलम २७ प्रमाणे, काहीही करण्याचे बंधन नाही, फक्त त्याने अडथळा करू नये. दुरुस्तीअभावी त्याच्या घराचे नुकसान झाल्यास कलम २६ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. धाकट्याचे चार पोती बियाणे ह्या कलमाखाली पूर्ण वसूल होण्याजोगे होते. पुन्हा, दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जागेत शिरण्याचा हक्क कलम २४ देते, पण जागा पूर्ववत करून देण्याच्या अटीवर. खड्डा उघडा टाकून निघून जाण्याचा हक्क कोणताही कायदा देत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे कलम २९. आपल्या मिळकतीत नुसता फेरफार किंवा वाढ करून दुसऱ्यावरील बोजा फारसा वाढविता येत नाही. न्हाणीच्या पाण्याचा जुना हक्क म्हणजे शौचटाकीचे पाणी सोडण्याचा हक्क नव्हे. आमच्या मते बहुतेक सामाईक गटारांच्या भांडणाचे मूळ येथेच आहे. आजोबांनी शेजाऱ्याच्या अंगणातून चार घागरी पाणी नेण्याची मुभा मिळविली. नातू त्याच वाटेने सहा माणसांचा मैला नेतो, आणि शेजारी बोलला की वीस वर्षांची वहिवाट दाखवितो.

शेजाऱ्याने मोरी बुजविल्यास आपण पहार घेऊन ती फोडावयाची की काय? कलम ३६ स्पष्ट सांगते की, हक्कदारास अडथळा स्वतः दूर करता येत नाही. दिवाणी कोर्टात जाऊन मनाई हुकूम व भरपाई मागावी. मात्र वहिवाटीवर हक्क सांगणाराची वीस वर्षे दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. म्हणून मोरी बुजल्यावर पंचांच्या बैठका घेत तीन तीन वर्षे घालविणे धोक्याचे आहे.

आमच्या कचेरीत लोक येत ते मामलेदार कोर्टाच्या १९०६ सालच्या कायद्याखाली. त्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पाण्याचा अडथळा काढून टाकण्याचा अधिकार तहसीलदारास आहे खरा. पण तो शेतजमिनीवर नैसर्गिकरीत्या उगवणाऱ्या किंवा पडणाऱ्या पाण्याच्या वाहण्यास झालेल्या अडथळ्यापुरता, आणि अर्जही कारण घडल्यापासून सहा महिन्यांत आला पाहिजे. न्हाणीचे पाणी आकाशातून पडत नाही. असे अर्ज आम्ही स्वतः नोंदवून घेतले, तारखा दिल्या, आणि वर्षाने ते अधिकाराबाहेर म्हणून निकालात निघाले. अर्जदारास पहिल्याच दिवशी हे सांगितले असते तर त्याचे येण्याजाण्याचे भाडे तरी वाचले असते. सांगण्याची आमची प्राज्ञा नव्हती असे त्या वेळी वाटे. आज तसे वाटत नाही.

गटार खाजगी नसून गल्लीचे असेल तर रस्ता वेगळा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ५३ सार्वजनिक रस्त्यातील व त्यातील गटारावरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीस देते. गटारावर ओटा बांधणे, पायरी पुढे आणणे, फरशी टाकून मोटारसायकल लावणे ही सर्व त्यात मोडतात. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, जागेचा कच्चा नकाशा जोडावा. पंचायतीने दुर्लक्ष केल्यास आणि उपद्रव गल्लीतील अनेकांस होत असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येते. हेच कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ व्या क्रमांकाचे होते, आणि त्याच्याच जोरावर मध्य प्रदेशातील रतलाम शहराच्या एका वस्तीतील रहिवाशांनी उघड्या गटारांबद्दल नगरपालिकेस कोर्टात खेचले. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने फेटाळली. दोन भावांच्या खाजगी मोरीस मात्र हे कलम लागत नाही. तो सार्वजनिक उपद्रव नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तीकडे येतो. टाकी भरली की माणूस बोलवावयाचा, दारूस पैसे द्यावयाचे व रात्री त्यास आत उतरवावयाचे, अशी चाल आमच्याकडे होती आणि काही ठिकाणी अद्याप आहे. २००९ साली आमच्या स्वतःच्या घरची टाकी तुंबली तेव्हा आम्हीही तसेच केले. सरकारी नोकर होतो, १९९३ चा कायदा निघून सोळा वर्षे झाली होती, तरीही केले. एक तरुण इसम दोरावाचून उतरला. त्याने दोन बादल्या वर दिल्या आणि तिसरी बादली वर आलीच नाही. त्याचा भाऊ लगेच उडी मारावयास निघाला. त्यास आमच्या शेजाऱ्याने कमरेस मिठी मारून धरले, म्हणूनच एकाच्या जागी दोघे गेले नाहीत. पंपाच्या लोखंडी आकड्याने त्या इसमाच्या पट्ट्यास धरून त्यास वर ओढले. तालुक्याच्या दवाखान्यात तो दुसऱ्या दिवशी दुपारी बोलला. त्याने आमच्याकडे ठरल्याहून एक पैसाही जास्त मागितला नाही. त्या घरासमोरून जाताना आम्ही आजही मान वर करीत नाही.

टाकीत काय असते हे त्या दिवशी आम्हांस ठाऊक नव्हते. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. थोडा असता त्यास सडक्या अंड्याची घाण येते. परंतु प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणजे वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि दोन-चार श्वासांतच कोसळतो. गाळ ढवळला की साठलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे झाकण रात्रभर उघडे ठेवले होते ह्यास काही अर्थ नाही. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडे चाल आहे. टाकीत ती कामाची तर नाहीच, उलट घातक आहे, कारण आत मिथेन असतो व तो पेट घेतो, आणि दिवा जळत राहिला तरी विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही. पहिला पडला की दुसरा त्यास काढावयास उतरतो व तोही पडतो; एकाच घरातील दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा.

२०१३ च्या कायद्याने संरक्षणाची साधने व खबरदारी ह्यांवाचून कोणासही गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईस उतरविण्यास कलम ७ अन्वये मनाई केली. हा हुकूम नगरपालिकांपुरता नसून प्रत्येक इसमास लागू आहे, म्हणजे घरधन्यासही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे व पाच लाख. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. अशा कामात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख व ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये ठरविली. तो स्वतः तयार होता, त्याने पैसे घेतले, ही सबब कोणी ऐकणार नाही. ऐकूही नये.

टाकी दोन ते तीन वर्षांतून एकदा, भरून वाहण्यापूर्वीच, मैला ओढणाऱ्या गाडीने उपसून घ्यावी. नळी आत जाते, माणूस बाहेर राहतो. उपसताना थोडा गाळ तळाशी राहू द्यावा. तो विरजणासारखा पुढे उपयोगी पडतो. भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नये, कारण बाहेरील पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी उचलली जाते किंवा तडकते. गाडी बोलाविताना तो गाळ कोठे रिता होणार हे विचारून घ्यावे. ओढ्यात किंवा विहिरीत घाण सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ मनाई करते, आणि ओढा आपल्याच शेतावरून वाहतो.

वाड्याचे काय झाले ते सांगणे राहिले. मागील उन्हाळ्यात थोरल्याची टाकी पुन्हा तुंबली व त्याने दोघा मजुरांस संध्याकाळी बोलाविल्याचे आमच्या कानी आले. आम्ही तेथे जाऊन झाकणावर बसलो व २००९ ची हकीकत प्रथमच घरातल्या माणसांसमोर सांगितली. मजुरांस अर्धा दिवसाची मजुरी देऊन परत पाठविले. दुसऱ्या दिवशी गाडी आली. टाकी उपसल्यावर पडवीची फरशी काढावयास धाकटा तयार झाला, कारण खोदकाम आमच्या खर्चाने व्हावयाचे होते. ती आमच्या न लिहिलेल्या ओळीची किंमत होती. मोरीत काँक्रीटच्या वरच्या अंगास टाकीच्या जोडाजवळ हातभर राखेचा थर, उंबराच्या मुळांची वेणी आणि त्यात एक स्टीलची वाटी निघाली. वाटीवर त्यांच्या आईचे नाव कोरलेले होते. ती कोणाकडे राहावी ह्यावर प्रथम थोडे बोलणे झाले, मग धाकट्याने ती थोरल्याच्या सुनेच्या हाती दिली.

नवी मोरी सहा इंची नळाची, चार चेंबरांची केली. धाकट्याचा नळ जेथे येऊन मिळतो तेथपर्यंतचा सर्व खर्च थोरल्याने दिला व तेथून गल्लीपर्यंत दोघांनी निम्मा निम्मा. टाकीचे पाणी मोरीतून तोडून परसाच्या टोकास, मुरूम लागेपर्यंत खोल खणलेल्या चरात सोडले. आड तेथून सत्तर फूट भरतो, आम्ही स्वतः टेप धरला. न्हाणीचे पाणी केळी व अळू ह्यांच्या आळ्यांस दिले, त्यामुळे मोरीत जाणारे पाणी निम्म्याने घटले. बियाण्याचे पैसे थोरल्याने दसऱ्यास दिले.

ह्या सर्वाचा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदविला आहे. त्यात नळाची जागा भिंतीपासून फूट-इंचांत, चेंबरांची संख्या, दर वर्षी वैशाखात झाकणे उघडून पाहण्याची पाळी, दुरुस्तीचे खर्चाचे प्रमाण, आणि मोरीत न्हाणी व स्वयंपाकाचे पाणी सोडून दुसरे काहीही सोडावयाचे नाही ही अट, इतके लिहिले आहे. शंभर रुपयांवरील स्थावर हक्काचा दस्त नोंदणीवाचून कोर्टात टिकत नाही, म्हणून साध्या मुद्रांकावर भागवू नये. ज्या वाचकांच्या घरी वाटणीचे कागद व्हावयाचे आहेत त्यांस मजकुराचा मसुदा हवा असल्यास आमच्याकडे नक्कल आहे. मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकल्यास पाठवू.